गोव्याच्या कुंपणावरची पितांगा

गोव्याला जाऊन आलं की आपल्या पिशवीत काय निघतं? काजू, आमसुलं, फार तर सुके बांगडे. मी मात्र चार वर्षांपूर्वी ओल्या रुमालात बांधून मूठभर बिया आणल्या. त्यांचीच ही हकीकत.

एप्रिलअखेरीस शाळेच्या परीक्षा उरकल्या आणि आम्ही सांगलीहून निघून आंबोलीचा घाट उतरून म्हापशाला वन्संकडे गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. बघते तो काय, आमचा सात वर्षांचा धाकटा शेजारच्या कुंपणाशी उभा आणि तोंड लालभडक! कुंपणावर इवल्या भोपळ्यांसारखी लाल फळं लटकली होती. माझ्या काळजात धस्स झालं. "थुंक आधी!" म्हणत मी त्याच्या पाठीत एक धपाटाच घातला.

गडबड ऐकून शेजारच्या आजी बाहेर आल्या. "भियेनाका गो," म्हणाल्या, "पितांगा ती. खातात." मग त्यांनी एक पान तोडून बोटांत चुरगळलं आणि माझ्या नाकाशी धरलं. उग्र, मसाल्यासारखा वास! "हे असं ओळखायचं," त्या म्हणाल्या.

मला मनातून ओशाळल्यासारखं झालं. वर्गात मी मुलांना 'ओळखल्याशिवाय काही तोंडात घालू नका' असं बजावते. पण ओळखायचं कसं, ते कधी शिकवलंच नव्हतं.

तर ओळख अशी. पानं समोरासमोर जोडीनं येतात, कोवळी असताना तांबूस असतात. फूल पांढरं, चार पाकळ्यांचं, मधे केसरांचा झुबका. फळाला उभ्या धारा असतात, बहुधा आठ. पेरूसारखाच फुलाचा वाळका अवशेष फळाला चिकटून राहतो. नवल नाही, कारण पेरू, जांभूळ आणि आपल्या डब्यातली लवंग हे सगळं हिचंच गणगोत! नर्सरीत 'सुरिनाम चेरी' म्हणून मागा. पण सगळ्या खुणा जुळल्याशिवाय आणि जाणत्याला दाखवल्याशिवाय कुठलंही लाल फळ खाऊ नका. या फळातली बीसुद्धा खायची नाही.

ही मूळची ब्राझीलकडची. इटलीतल्या पिसा शहरातल्या बागेत वाढलेल्या एका झाडावरून तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं आणि ते झाड गोव्याहून गेलं असावं, असं मानतात. लिनियसनं तिला आजचं शास्त्रीय नाव दिलं ते 1753 साली. म्हणजे म्हापशाचं ते कुंपण काही आजकालचं कौतुक नव्हे!

आता लावण्याविषयी. आणलेल्या निम्म्या बिया मी घरी पोचताच कुंडीत पेरल्या. उरलेल्या भोपळ्याच्या बियांसारख्या वाळवून जूनसाठी डबीत ठेवल्या. डबीतली एकही उगवली नाही. हिची बी जेमतेम महिनाभर तग धरते, म्हणून ताजीच पेरावी. महिन्याभरात कोंब दिसतो. ऊन भरपूर हवं, पाणी साचता कामा नये, फळं धरली की मात्र पाण्याला चुकू नये. वाढ सावकाश, तेव्हा धीर धरा. फूल आल्यापासून साधारण तीन आठवड्यांत फळ पिकतं.

फळ केशरी दिसलं की तोडायची घाई करू नका, तोंड कडवट होईल. गर्द लाल झालेलं आणि नुसता हात लागताच तळव्यात पडणारं तेच पिकलेलं. बी काढून साखर भुरभुरून थंड ठेवलं, की उग्रपणा कमी होतो. सरबत आणि जेलीही छान होते.

यंदा आमच्या कुंडीत पहिली फळं धरली. अवघी नऊ! शेजारची चिमुरडी ती बघून धावत आली. मी ओरडणार, तेवढ्यात आमच्या धाकट्यानं एक पान तोडलं, चुरगळलं आणि तिच्या नाकाशी धरलं. "आधी वास घे," म्हणाला. "आणि दुसऱ्या झाडाचं असलं काही दिसलं तर आईला विचारायचं."

माझा धपाटा त्याच्या लक्षात आहे की नाही, कोण जाणे. आजींचं पान मात्र आहे.