मावशीचे चिन्ह

२०२४ च्या दिवाळीत माझी मावशी आलापल्लीहून चामोर्शीला आमच्याकडे आली होती. तिला अक्षरओळख नाही. पण मत द्यायचे म्हणून तिने कधी चुकवलेले नाही. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. फराळाची ताटली पुढे ओढीत तिने मला सरळच विचारले, "बाबू, तू कालेजात शिकवतस ना? मंग सांग, पक्ष म्हंजे कोन?"

प्रश्न उगाच नव्हता. तिच्या अहेरी मतदारसंघात धर्मरावबाबा आत्राम घड्याळ घेऊन उभे होते, आणि त्यांची कन्या भाग्यश्री आत्राम 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह घेऊन. ही दोन्ही चिन्हे एकाच फुटलेल्या पक्षाची! आणि २०१९ साली मीच मावशीला मोठ्या ऐटीत उपदेश केला होता, "माणसे येतात नि जातात, तू आपले चिन्ह पाहून मत दे." मतदानयंत्रावर उमेदवाराचे नाव, फोटो आणि चिन्ह असते, पक्षाचे नाव नसते. निरक्षराने पक्ष ओळखायचा तो चिन्हावरूनच, असा माझा हिशेब.

मी मराठीचा मास्तर. व्याख्या सांगणे हा आमचा धंदाच. कपाटातून राज्यघटना काढली आणि पाहतो तो काय, १९५० साली अमलात आलेल्या घटनेत राजकीय पक्षांविषयी काहीच तरतूद नव्हती! पक्ष तेथे शिरला तो १९८५ साली, बावन्नाव्या दुरुस्तीने जोडलेल्या दहाव्या अनुसूचीतून. आणि तोही पक्षांतराच्या बंदोबस्तापुरता. पक्ष सोडणाऱ्या किंवा त्याचा आदेश मोडणाऱ्या आमदाराचे पद कसे जाते, हे तेथे सांगितले आहे. पक्षाने स्वतः कसे वागावे, हे नाही. पक्षांच्या नोंदणीचे कलम लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ साली आले आणि चिन्हांचा कारभार चालतो निवडणूक आयोगाच्या १९६८ च्या आदेशाने. जर्मनीच्या १९४९ च्या घटनेत मात्र पक्षाची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असली पाहिजे, असे स्पष्ट लिहिले आहे. आपल्या घटनेत तसे वाक्य शोधून सापडत नाही.

मग एका पक्षाचे दोन झाले म्हणजे खरा कोणता, हे ठरवायचे कसे? ६ फेब्रुवारी २०२४ रोजी आयोगाने घड्याळ अजित पवार यांच्या गटाला दिले. त्यासाठी विधिमंडळातील बहुमताची कसोटी लावली.

हे सारे मी मावशीला सोपे करून सांगितले. चकलीचा तुकडा मोडीत ती शांतपणे म्हणाली, "म्हंजे आमच्या मतानं आमदार झाले, अन् आमदार मोजून पक्ष ठरला. मंग आमाले कोनी मोजलं?"

वर्गात असा प्रश्न आला असता, तर मी पुढच्या तासाला सांगतो म्हणून वेळ मारून नेली असती. मावशीपुढे ती सोय नव्हती. आमदाराने पक्षाशी इमान राखावे म्हणून आपण कायदा केला; पक्षाने मावशीशी इमान राखावे म्हणून काय केले? पाच वर्षांपूर्वीचा माझा उपदेश मला घशात अडकलेल्या चकलीसारखा टोचू लागला.

या खेपेस मी उपदेश केला नाही. मतदानाच्या संध्याकाळी तिचा फोन आला. मत कोणाला दिले ते तिने सांगितले नाही. एवढेच म्हणाली, "आवंदा मी चिन्ह पायलं, अन् मानूसबी पायला. पक्ष तेवढा तू पाहून ठेव."

मी अजून पाहतोच आहे.