शिक्का न लागलेले आकाश

वकिलीच्या व्यवसायात आम्हांस एक खोड जडली आहे. कागद हाती आला की मजकुराआधी आमची दृष्टी सहीशिक्क्याकडे जाते. ह्वांग गोंगवांग या चिनी चित्रकाराच्या ‘फूछुन पर्वतातील निवास’ या पटाची छापील प्रतिकृती प्रथम पाहिली, तेव्हाही आम्ही डोंगर सोडून लेखच शोधू लागलो!

तो सापडलाही. ह्वांग मूळचा कारकून. वरिष्ठाच्या प्रकरणात तुरुंग भोगलेला, पुढे ताओपंथी झालेला. ऐंशीच्या घरात असता वूयोंग नावाच्या स्नेह्यासाठी त्याने हा पट आरंभिला. लहर लागेल तेव्हा त्यावर तो कुंचला फिरवी. कोणी पट बळकावील या भीतीने स्नेह्याने तो पुरा होण्याआधीच, १३५० साली, मालकीची नोंद लिहवून घेतली.

चित्रात रंग नाही. काळी शाई, कोरडा कुंचला, अंबाडीच्या मोकळ्या धाग्यांसारख्या लांब रेषा आणि पुष्कळसा कोरा कागद. पंडित-चित्रकारांची ती रीतच होती. धंदेवाईक कारागिराची सफाई त्यांना नको असे. अक्षर वळविणाऱ्या हातानेच डोंगर रेखावा आणि रेषेत माणसाचे मन उमटावे, एवढीच त्यांची अपेक्षा.

१६५० च्या सुमारास एका मरणासन्न मालकाने पट जाळावयास सांगितले. पुतण्याने तो आगीतून ओढला. पण त्याचे दोन तुकडे झाले. १७४५ साली छ्येनलोंग बादशहास एक नक्कल मिळाली. तीच अस्सल मानून त्याने पुढे तिच्यावर पन्नासाहून अधिक लेख लिहिले. वर्षभराने खरा पट आला, तेव्हा तो नक्कल असल्याचा शेरा तेवढा त्यावर लिहविला. चुकीच्या निकालाने अस्सल पटाचे आकाश वाचले!

आम्ही हसलो, पण ते हसू टिकले नाही. आमच्या देवळाच्या जीर्णोद्धारात खांबाखांबावर देणगीदारांची नावे कोरण्याचा ठराव आमचाच. आज दर्शनास आलेला मनुष्य देवाआधी नावे वाचतो. डावीकडील तिसऱ्या खांबावर आमचेही नाव आहे.

२०११ साली हांगचौचा व तैपेईचा असे दोन्ही तुकडे तैपेईत एकत्र मांडले गेले. वूयोंगची मालकी केव्हाच सरली. डोंगर मात्र तसेच आहेत.

यंदा नव्या ओवरीचा ठराव मसुद्यासाठी आमच्याकडे आला आहे. सोबत नावांची यादी आहे. चार दिवस झाले, तो कागद मेजावर तसाच पडून आहे.