नांगरावरची ईद

अम्मी गावाहून फोन करतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "घरी आहात की दर्यावर?" नोव्हेंबर ते मे या महिन्यांत आम्हाला त्याचे सरळ उत्तर देता येत नाही. आमचे घर अमेरिकेत, व्हर्जिनियातील नॉरफोक बंदराजवळ आहे. थंडी सुरू झाली की आम्ही दोघे छत्तीस फुटी ट्रॉलरवर राहायला जातो आणि बहामाच्या बेटांकडे निघतो. ट्रॉलर म्हटले की आपल्या वाचकांना मासळीची जाळी ओढणारी बोट आठवेल. आमच्या बोटीचा आकार तसाच जाडजूड आहे, पण आत पलंग, चूल, फ्रीज आणि एक छोटे न्हाणीघर आहे. आमच्यापैकी एकाची उभी हयात मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. दुसरीची बाणकोट खाडीच्या काठी, बापाच्या होडीत बसूनही उलटी न होण्याच्या बढाया मारण्यात. त्यामुळे या खुळाचा दोष एकमेकांवर टाकता येत नाही.

बोट ताशी तेराएक किलोमीटर चालते, म्हणजे सायकलच्या वेगाने. तासाला सात-आठ लिटर डिझेल खाते. नॉरफोकपासून किनाऱ्याला समांतर नद्या, खाड्या आणि कालवे जोडून केलेला जलमार्ग आहे. त्याचा शून्य मैल आमच्या घराजवळच आहे. त्या मार्गाने मायामी सुमारे 1,750 किलोमीटर पडते. तिथून पुढे खुला समुद्र आणि पलीकडे बिमिनी, बहामाचे सर्वांत जवळचे बंदर. पोचल्यावर पिवळा झेंडा लावायचा आणि कागदपत्रांवर शिक्का पडेपर्यंत तो उतरवायचा नाही.

हिवाळ्याचे मुख्य महिने आम्ही एक्झूमा बेटांच्या रांगेत काढतो. रांगेच्या पश्चिमेला पाणी इतके उथळ की नांगर वाळूत कसा रुतला आहे ते डेकवरून दिसते. पूर्वेला काही अंतरावर तळ हजार मीटरच्याही खाली जातो. वारडेरिक वेल्स या बेटाभोवतीचा समुद्र 1958 पासून राखीव आहे. तिथे गळ टाकायलाही बंदी आहे. आणखी दक्षिणेला जॉर्जटाउनच्या बंदरात हिवाळ्यात शेकडो बोटी नांगर टाकून असतात. संध्याकाळी त्यांचे मस्तकदिवे लागले की गावच्या उरुसाची आठवण येते.

नांगरावरच्या बोटीचे तोंड नेहमी वाऱ्याकडे असते. इथला नेहमीचा वारा पूर्वेचा, आणि एक्झूमातून किब्ला उत्तरेपासून सुमारे साठ अंश पूर्वेला येतो. लहानपणापासून मावळतीकडे तोंड करून नमाज पढलेल्या आम्हाला पहिल्या वर्षी चुकल्यासारखे वाटे. पण वारा नेहमीचा असला की बोटच जवळपास किब्ल्याकडे तोंड करून उभी असते. उत्तरेकडून थंड हवेचा पट्टा येऊ लागला की मात्र वारा दक्षिणेला, मग पश्चिमेला, मग उत्तरेला फिरतो, आणि बोटीबरोबर आमची जानमाजही. फर्ज नमाजच्या मध्येच बोट फिरली तर आपणही फिरायचे. टेबलाचा कोपरा किती वेळा लागला हे विचारू नका.

पाण्याची टाकी लहान. त्यावरून एक हदीस नेहमी आठवते: समुद्रावर जाणाऱ्या एका माणसाने प्रेषितांना (स.) विचारले होते की सोबतचे थोडे गोडे पाणी वुजूला वापरले तर तहानलेले राहावे लागते, मग समुद्राच्या पाण्याने वुजू करू का? उत्तर मिळाले की समुद्राचे पाणी पाक आहे आणि त्यातले मेलेलेही हलाल. डेकवर बादलीने पाणी ओढून वुजू करताना आपला प्रश्न कुणीतरी आधीच विचारून ठेवल्याचे समाधान वाटते. जेवणाचीही चिंता मिटते. आम्ही कोकणी शाफई. शंखातला जीवही आम्हाला चालतो. हनफी पाहुणे आले की त्यांच्यासाठी मासा वेगळा तळायचा. कोंबडी आणि मटण मात्र घरून गोठवून आणलेलेच.

खरा पेच नमाजच्या कसरचा होता. आम्ही मुसाफिर की घरचे? दोन रकात की चार? गावच्या मौलानांना फोनवर विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "हा सवाल शेकडो वर्षांपूर्वीच्या खलाशांनी विचारून झालाय." शाफई फिक्हप्रमाणे जो नावाडी बायकामुलांसह नावेतच राहतो त्याला कसर जायज आहे, पण पूर्ण पढणे अधिक चांगले, कारण इमाम अहमद यांच्या मते ज्याचे घरच त्याच्याबरोबर चालते त्याला कसर नाही. तेव्हापासून आम्ही बोटीवर चारच पढतो. अम्मींना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "म्हणजे घर तिथंच झालं की तुमचं." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

एका वर्षी ईद एप्रिलमध्ये आली. लेक नॉरफोकहून विमानाने मायामीला येणार, आम्ही बोटीने पोचणार आणि ईदची नमाज तिघांनी तिथल्या मशिदीत पढायची, असे ठरले होते. रमजानच्या विसाव्या रोजाला आम्ही बिमिनीत आलो. पलीकडे जायला फक्त ऐंशी किलोमीटर, सहा-सात तास. पण मध्ये गल्फ स्ट्रीम वाहतो, उत्तरेकडे जाणारा समुद्रातला मोठा प्रवाह. वारा उत्तरेचा झाला की तो प्रवाहाच्या तोंडावर येतो आणि लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. वारा उत्तरेचा झाला, आणि तसाच राहिला.

रोज पहाटे सहरीनंतर हवामान ऐकायचे आणि मान हलवायची. बिमिनीच्या बंदरात भरती-ओहोटीचा ओढ जबरदस्त, त्यामुळे दिवसातून चार वेळा बोटीचे तोंड उलटे व्हायचे. अठ्ठाविसाव्या रोजाला लेक मायामीत उतरली. "अब्बा, फक्त सात तास ना? तुम्ही तर उभी जिंदगी जहाजावर काढलीत."

त्या संध्याकाळी आमचे भांडण झाले. एकीचे म्हणणे, वारा थोडा पडलाय, निघू या. दुसऱ्याचे, पडलेला वारा म्हणजे पडलेल्या लाटा नव्हेत. बोट बंदरात सोडून विमानाने जायचाही विचार झाला. पण त्या ओढीत नांगर सरकला तर आमचीच नव्हे, शेजारच्याचीही बोट जाईल. शेवटी कुणीच निघाले नाही. रात्री डेकवर आलो तर पश्चिमेला आभाळाच्या कडेशी मायामीच्या दिव्यांचा फिकट उजेड दिसत होता. लेक त्याच्या खाली होती.

ईदची नमाज दोघांनीच पढली. शाफईंमध्ये ती एकट्यानेही पढता येते, मुसाफिरालाही. शीरखुर्मा दुधाच्या पावडरीचा झाला. खारका नव्हत्या, खजूर घातला. एक वाटी शेजारच्या बोटीवरच्या वृद्ध जोडप्याला दिली. त्यांनी बदल्यात लिंबाचा केक पाठवला. लेकीशी फोनवर बोललो. तिने मायामीच्या मशिदीतला गोंगाट ऐकवला आणि मग फोन लगेच ठेवला.

चौथ्या दिवशी वारा दक्षिणेचा झाला. पहाटे नांगर उचलला आणि दुपारी किनाऱ्याला लागलो. समुद्र इतका शांत होता की राग आला. लेक आदल्या दिवशीच परत गेली होती. नोकरीची रजा संपली होती. धक्क्यावरच्या कार्यालयात दोर बांधल्याची नोंद करायला गेलो तर खिडकीतल्या बाईंनी एक पत्र्याचा डबा पुढे केला. आत नानखटाई होती, उन्हाने थोडी भुगा झालेली. झाकणावर कागद चिकटवून लेकीने आमच्या बोटीचे नाव लिहिले होते, आणि पत्त्याच्या जागी फक्त "घर".