चाबीशिवायची ड्यूटी

रात्रीचा ओव्हर घेताना आधी पेशंट, मग कपाट. फोर्टविन या वेदनाशामक इंजेक्शनच्या भरलेल्या अँप्युल किती, रिकाम्या किती, रजिस्टरवर दोघींच्या सह्या, आणि चाबी कमरेला. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री बहुधा एकटीच सिस्टर वॉर्ड सांभाळते. प्रसूती तिची, जामच्या हायवेवरून आलेला अपघात तिचा, साप चावलेला शेतमजूर तिचा. चाबीही तिचीच.

*

कंबर धरते, पाय सुजतात, घरी जाऊन पुन्हा स्वयंपाक. एखादी सिस्टर एका रात्री स्वतःलाच इंजेक्शन टोचून घेते. औषध, मात्रा, शीर, तिला सगळं ठाऊक. म्हणून नर्सचं व्यसन लवकर जडतं आणि उशिरा दिसतं. ट्रामाडॉल 2018 मध्ये अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली आलं, तोवर कित्येक जण ते साधी दुखण्याची गोळी समजत. कायद्याने कपाटाला कुलूप घातलं, हे चांगलंच झालं. पण चाबी जिच्या हाती आहे तिचं काय, याचा विचार रजिस्टरच्या रकान्यांत नसतो.

*

अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने 1983 मध्ये नर्सांसाठी एक कार्यक्रम सुरू केला, पुढे इतर राज्यांनीही केले. व्यसन उघड झालं की थेट परवाना काढून घ्यायच्या ऐवजी करार. उपचार घ्यायचे, अचानक बोलावलं की लघवीची तपासणी द्यायची, साधारण 3 ते 5 वर्षं. सुरुवातीचे काही महिने नार्कोटिकला हात लावायचा नाही, पुष्कळदा रात्रपाळीही नाही, ओव्हरटाइम नाही. वॉर्डात एक वरिष्ठ तिच्यावर लक्ष ठेवते आणि ठरावीक काळाने अहवाल पाठवते.

तिथल्या नर्सांची खरी अडचण वेगळीच. कामाला मुभा मिळते, काम मिळत नाही. एवढ्या अटींची नर्स कशाला घ्यायची, असं रुग्णालय म्हणतं. आणि कामावर राहून नीट वागून दाखवल्याशिवाय करार पुरा होत नाही.

*

आपल्याकडे अशी व्यवस्था उभी राहिलेली नाही. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम 1966 चा. नोंदवहीत नाव घालणं आणि गैरवर्तनासाठी काढणं त्यात आहे. 2023 च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाच्या कायद्यात नीतिमत्ता आणि नोंदणीसाठी वेगळं मंडळ आहे. या मंडळाने पहिल्या काही कामांत अशी व्यवस्था घ्यावी असं मला मनापासून वाटतं. आज मधला रस्ता नसल्यामुळे सोबतच्या सिस्टर गप्प राहतात. तक्रार केली तर व्यसनात अडकलेल्या सिस्टरची नोकरी जाईल, नाही केली तर एखाद्या ऑपरेशनच्या पेशंटला औषधाच्या सुईऐवजी पाणी मिळेल. दोन्ही त्यांना ठाऊक असतं.

*

वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी. गांधीजींचा जिल्हा. बंदीमागची भावना मला मोलाची वाटते. पण इथे व्यसनाची कबुली म्हणजे गुन्ह्याची कबुली, असं लोकांच्या मनात बसलंय. त्यात बाईमाणूस, त्यात सिस्टर. नवऱ्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेणारे नातेवाईक सुनेला माहेरी पाठवतात.

मुक्तांगणची आठवण आणखी एका कारणाने. पुण्यात 1986 मध्ये सुनंदा आणि अनिल अवचटांनी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने. तिथे समुपदेशन करणारे कितीतरी जण स्वतः व्यसनातून बाहेर आलेले. बऱ्या झालेल्या माणसाला त्याच क्षेत्रात जबाबदारीचं काम देता येतं, हे मराठी मुलखात इतकी वर्षं दिसतंय.

*

चाबीशिवायचं काम आहे का? आहे. उपकेंद्रावरचं लसीकरण, बीपी-शुगरची तपासणी, शाळेतल्या मुलांची तपासणी. आपल्या भागात सिकलसेलचं समुपदेशन आहे, त्याला तर अनुभवी सिस्टर हवीच. पंचवीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई गिरडच्या एखाद्या आईला जे समजावून सांगेल ते नव्या पोरीला जमायचं नाही.

मात्र एकीच्या रात्रपाळ्या काढल्या की त्या दुसरीच्या अंगावर पडतात. मोजकाच स्टाफ असलेल्या ठिकाणी हे दोन आठवड्यांत भांडणावर येतं. म्हणून जादा पद मंजूर केल्याशिवाय नुसती सहानुभूती कामाची नाही.

*

पुन्हा कामावर येताना मुलाखतीत किती सांगायचं? मानसिक आरोग्य कायदा 2017 दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक त्रासालाही आजारात धरतो, आणि उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो. माझं मत असं: चाबी द्यायची नाही एवढं मेट्रनला आणि डॉक्टरांना कळलंच पाहिजे, पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे. कोणतं औषध, किती दिवस, कशामुळे, हे वॉर्डातल्या मावशींपर्यंत जायचं कारण नाही.

ज्यांना आधी नुसतं बोलायचंय त्यांच्यासाठी 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानसचा 14416.

*

आणि कंत्राटी सिस्टर. राष्ट्रीय आरोग्य अभियानात ऑर्डर 11 महिन्यांची. देखरेख 3 वर्षांची ठरवली तर मध्ये निदान तीनदा ऑर्डर संपणार, आणि दर वेळी तिचं नाव यादीतून गळण्याची भीती. नूतनीकरण देखरेखीच्या मुदतीला बांधून द्यावं, तपासणीचे निकाल स्वच्छ असतील तोवर ते थांबवता येऊ नये. नाहीतर कंत्राटी सिस्टर आजार कधीच सांगणार नाही, आणि आज तालुक्यातल्या कितीतरी उपकेंद्रांचं काम त्यांच्याच भरवशावर चाललंय.