एपिक्युरसची मेजवानी

झोप येईना, म्हणून ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस वाचायला काढला. सुखवादी म्हटलं की आपल्याला चैनी माणूस आठवतो. बिचाऱ्या चार्वाकाचीही तीच गत. प्रत्यक्षात अथेन्समधल्या आपल्या बागेत हा एपिक्युरस पाव-पाण्यावर खूश. मित्राकडे पत्रातून मागतो काय, तर चीजची लहानशी बरणी, मनात येईल तेव्हा मेजवानी झोडायला! इ.स.पू. 270च्या सुमारास मुतखड्यानं तळमळत, अखेरच्या दिवसांत लिहितो, की जुन्या गप्पांची आठवण या दुखण्याला पुरून उरते. पटतं, पण अर्धंच. दाढ ठणकत असताना कसल्या गप्पा आठवतात? थोडक्यात भागवण्याचंही तसंच, अर्धंच पटतं. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली म्हणतात; त्यातला मोकळेपणा कळतो. माझा जीव मात्र फिक्स्ड डिपॉझिटच्या पावतीत. ती कपाटात जागेवर दिसली की बरं वाटतं, हे कशाला नाकारू?