शिष्यवृत्तीवाले

परवा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. वाळवीने निम्मी खाल्लेली एक हजेरीवही हाती आली. 1984 सालची, अकरावीची. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात सात नावे आणि वर मथळा, ‘शिष्यवृत्तीवाले’.

“अहो, ही रद्दीत घालू?” हिने दोनदा विचारले. मी उत्तर दिले नाही.

त्या वेळी मी मालवणच्या किनाऱ्यावर एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवीत होतो. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा होऊन तीनच वर्षे झाली होती. अनुसूचित जातींच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेण्याचे काम माझ्याकडे होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. एकेका कागदासाठी मुलाची आई मजुरी बुडवून एस.टी.ने तीन-तीन हेलपाटे घाली. अर्ज भर पावसात जात आणि पैसे येत ते कैऱ्या धरल्यावर. तोवर वह्या उधारीच्या.

पैसे आले, की मी वर्गात जाऊन खणखणीत आवाजात सांगे, “शिष्यवृत्तीवाले, उभे राहा!” चांगली बातमी मोठ्याने सांगावी, एवढाच माझा भाव. निदान तेव्हा मला तसे वाटे.

त्या वर्षी सहाजण उभे राहिले. सातवा, वर्गातला सर्वांत हुशार, खिडकीबाहेरच्या माडांकडे बघत बसून राहिला. सही करायलाही आला नाही. पैसे परत गेले. सरकारी पैसे नाकारणारा हा कोण मोठा लागून गेला, म्हणून मी मनातून चिडलो. बारावीला तो आलाच नाही.

जूनमध्ये त्याची आई बाजारात भेटली. म्हणाली, “मास्तरांनू, झील मुंबैक गेलो. पैशे तेका व्हये होते. पण वर्गात उभो रवाक लाज वाटली तेका.”

माशांची पिशवी हातात तशीच धरून मी उभा होतो.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीने कोणी शाळा सोडते काय? मलाही तसेच वाटले असते. पण डॉ. आंबेडकरांचेच आठवा. 1913 साली सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात धाडले. करारानुसार ते 1917 साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून खानावळीत राहावे लागले आणि तिथूनही हाकलले गेले. पैसा त्यांना अमेरिकेला घेऊन गेला. बडोद्यात एक खोली मिळवून देऊ शकला नाही. पुढे ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, 1944 साली, केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. माझ्या वहीतली सात नावे त्याच योजनेतली.

पुढल्या वर्षापासून मी वर्गात नावे वाचणे सोडले. मधल्या सुट्टीत एकेकाला टेबलापाशी बोलावून सही घेई. शिपाई कुरकुरत असे, वेळ फार जातो म्हणून.

आता अर्ज महाडीबीटीवर भरतात आणि निर्वाहभत्ता मुलांच्या खात्यात जमा होतो. उशीर अजून होतोच. शेजारच्या वाडीतली एक मुलगी परवा मोबाइलवरचा संदेश मला दाखवायला आली. तिने तो आधी आईला दाखवला होता, मग मला. वर्गात कोणाला कळले नव्हते.

वही रद्दीत गेली. शेवटचे पान तेवढे मी काढून घेतले आणि मथळा खोडावा म्हणून पेन शोधू लागलो. इतक्यात आतून हाक आली. चावदिसाचे पोहे झाले होते.