दातांचे शेड कार्ड

दिवाळी सरून लग्नतिथी सुरू झाल्या की आपल्या घरांतून याद्या निघतात. साड्या, दागिने, आहेर यांच्या जोडीला अलीकडे ‘दात पांढरे करून घेणे’ ही बाबही त्या यादीत येऊ लागली आहे. आमच्याकडे ती कडवट वाटेने आली. भाचीचे लग्न ठरले आणि वरपक्षातील एका वडीलधाऱ्या बाईंचे “मुलगी लाखात एक, दात तेवढे पिवळे” हे बोलणे फिरत फिरत तिच्या कानांवर गेले. त्या दिवसापासून पोर ओठ मिटून हसू लागली. (पुढे साखरपुड्यात त्या बाईंचे दात मी मुद्दाम न्याहाळले. कवळी होती.)

आठवड्याने ताईकडे गेलो, तर बेसिनपाशी लिंबाच्या रसात मीठ कालवलेली वाटी आणि कोळशाच्या दंतमंजनाची डबी. मला त्या वाटीची धास्तीच वाटली. दाताचे बाहेरचे कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, एकदा झिजले की शरीर ते पुन्हा घडवीत नाही. आम्ल ते मऊ करते, खरखरीत भुकटी ते घासून नेते. त्याखालचा डेंटिनचा थर मुळातच पिवळसर. कवच पातळ झाले की तोच अधिक डोकावतो. उतारवयात दात पिवळे दिसतात त्याचे एक कारण हेच. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर हे मुद्दल मोडून खाणे झाले.

दंतवैद्याकडे मेहुणेही आले, दुकान मुलावर सोपवून. डॉक्टरांनी रंग जुळवण्याची पट्टी काढली : ए१ पासून डी४ पर्यंत सोळा छटांचे नकली दात. चाळीस वर्षे कापडात घालवलेल्या मेहुण्यांचा चेहरा उजळला. “अहो, हे तर आमचे शेड कार्ड!” म्हणत त्यांनी लेकीला खिडकीपाशी नेले, ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. डॉक्टरही हसून तिकडेच वळले. छटा निघाली ए३.

आधी दात साफ केले. चहाचे डाग आणि कीटण गेल्यावरच बराच फरक पडला. कित्येकांनी इथेच थांबावे, असे माझे मत आहे. पुढचे दोन मार्ग एकाच रसायनाचे. पेरॉक्साइड दातात झिरपून रंगीत द्रव्ये फोडते. दवाखान्यात हिरड्या झाकून २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड लावतात. काम एका-दोन बैठकांत होते. घरी करायचे, तर दातांच्या मापाचा पारदर्शक साचा आणि त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल. त्यातून सुमारे साडेतीन टक्केच हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते आणि दोन-तीन आठवडे लागतात. ही रीत १९८९ पासून रूढ झाली. बाजारातील आयत्या संचांचा साचा मापाचा नसतो. जेल ओघळून हिरड्या पोळतात. युरोपीय संघाने तर ०.१ टक्क्याहून अधिक पेरॉक्साइडचे असे जेल ग्राहकाला थेट विकण्यास मनाई केली आहे.

भाचीने घरचा मार्ग निवडला. ताईचा प्रश्न वेगळाच होता : साचा रात्री घालतात, मग चौविहाराचे काय? डॉक्टरांनी दुपारचे दोन-तीन तास सुचवले. जेलमधील ग्लिसरीन वनस्पतिज की प्राणिज, हे त्यांना कंपनीला विचारावे लागले. वनस्पतिज असल्याचे कळले, तेव्हा ताईने होकार दिला.

एका पुढच्या दातात जुने सिमेंट होते. सिमेंटचा किंवा कॅपचा रंग जेलने बदलत नाही. शिवाय जेल थांबवल्यावर लगेच नवे सिमेंट नीट धरत नाही, दोन आठवडे थांबावे लागते. म्हणून लग्नाच्या तिथीपासून उलटे मोजत मी तारखांचा तक्ता करून दिला. पाचव्या दिवशी गार पाण्याने दात ठणकले. डॉक्टरांनी जेल दिवसाआड करायला सांगितले, तक्ता पुन्हा लिहिला.

ए२ वर आल्यावर भाची म्हणाली, “मामा, मला एवढे पुरे.” मेहुण्यांना ते पटेना, पैसे पूर्ण भरलेत, मग छटा अर्ध्यावर का सोडायची? पण ती तोंडभर हसली आणि ते गप्प झाले. उरलेल्या जेलच्या दोन सिरिंजा त्यांनी टाकू दिल्या नाहीत. वर्षा-दोन वर्षांत रंग पुन्हा उतरतो, असे डॉक्टर म्हणाले होते ना! ताईच्या फ्रिजमध्ये त्या आजही आहेत. मुदतीची तारीख मी दोनदा वाचून दाखवली आहे.